ताप येईल, हे आधी सांगा

आपल्याकडच्या प्रत्येक लसीकरण सत्रात सिस्टरने आईला चार गोष्टी सांगायच्या असतात. आज कोणती लस दिली आणि ती कशासाठी. तिच्यानंतर काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं. पुढच्या डोसला कधी यायचं. आणि कार्ड जपून ठेवून दर वेळी सोबत आणायचं. शिवाय लस टोचल्यावर बाळाला अर्धा तास तिथंच थांबवून घ्यायचं. पण अंगणवाडीच्या एका खोलीत बाळं रडत असतात, बाहेर रांग वाढत असते, लसीच्या बाटल्यांचा हिशेब आणि रजिस्टर एकाच हाताने सांभाळायचं असतं. अशा वेळी या चारांतली दुसरी गोष्ट सर्वांत आधी गळते. तिच्या जागी एक ठरलेलं वाक्य येतं: ‘काही होत नाही, घाबरू नका.’ खासगी दवाखान्यातही ते तितक्याच सहज ऐकू येतं. वाक्य मायेचं आहे, हेतूही चांगला आहे. तरी ते आपण सोडून द्यायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. कारण लस घेतल्यावर काहीतरी होतं. बहुतेक वेळा किरकोळ होतं, क्वचित गंभीर होतं, आणि ते किती वेळा होतं हे जगभर मोजून ठेवलेलं आहे. हा हिशेब लोकांसमोर मांडला तर तो लसीच्याच बाजूने निघतो. झाकून ठेवला तर पहिल्याच तापाला विश्वास तुटतो.

दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना बाळाला जी पेंटाव्हॅलंट लस मिळते, तिचंच उदाहरण घेऊ. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब या जंतूमुळे होणारा न्यूमोनिया व मेंदूज्वर अशा पाच रोगांविरुद्ध ती काम करते. मांडीत सुई टोचली की संध्याकाळपर्यंत बाळ किरकिरं होतं, मांडी लाल होऊन सुजते आणि जवळपास निम्म्या बाळांना ताप येतो. हा ताप मुख्यतः येतो तो लसीतल्या डांग्या खोकल्याच्या घटकामुळे. त्या घटकात मेलेला जंतू अख्खा असतो आणि शरीर त्याला खरा शत्रू समजून कामाला लागतं. ताप एक-दोन दिवसांत उतरतो. साधारण शंभरातलं एखादं बाळ तीन तासांहून अधिक वेळ अखंड रडतं. सुमारे पावणेदोन हजार डोसांमागे एकदा तापासोबत झटका येतो, आणि तितक्याच क्वचित बाळ काही वेळ निपचित, फिकट पडतं. हे पाहणाऱ्या आईबापांचा जीव उडून जातो, यात शंका नाही. पण अशा मुलांचा पुढे पाठपुरावा केला गेला आहे. ती पूर्ववत होतात, मेंदूला कायमची इजा राहत नाही. ज्या आईला हे आधी सांगितलेलं असतं ती तापाचं औषध वजनाप्रमाणे देते, अंगावर पाजत राहते, आणि झटका आलाच तर मूल घेऊन दवाखाना गाठते. जिला ‘काही होत नाही’ असं सांगितलेलं असतं तिला त्याच रात्री वाटतं की आपल्या बाळाला काहीतरी चुकीचं टोचलं. ती अडीच महिन्यांच्या डोसला येत नाही. दोघींच्या बाळांना आलेला ताप एकच असतो.

शहरांतल्या आईबापांना इथं एक पर्याय दिला जातो: ‘पेनफुल घ्यायची की पेनलेस?’ या पेनलेस लशीची जन्मकथा आपल्या मुद्द्याशी थेट जोडलेली आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. १९७४ च्या हिवाळ्यात जपानमध्ये डांग्या खोकल्याची लस घेतल्यानंतर दोन बाळं दगावली. वृत्तपत्रांत गदारोळ झाला आणि सरकारने १९७५ मध्ये लस थांबवली. काही काळाने ती पुन्हा सुरू झाली, पण लोकांचं मन उडालं होतं. १९७४ मध्ये देशभरात डांग्या खोकल्याचे चारशेच्या आत रुग्ण होते. १९७९ मध्ये ते तेरा हजारांवर गेले आणि एकेचाळीस मृत्यू झाले. त्याच सुमारास ब्रिटनमध्येही, लशीमुळे मेंदूला इजा होते या भीतीने, लस घेणाऱ्या मुलांचं प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या आसपास होतं ते तीस टक्क्यांच्या जवळ आलं आणि लागोपाठ मोठ्या साथी आल्या. जपानी शास्त्रज्ञांनी मात्र या भीतीला धुडकावून न लावता उत्तर शोधलं. जंतू अख्खा न घेता त्यातली नेमकी प्रथिनं वेगळी काढून कमी ताप देणारी लस त्यांनी बनवली आणि १९८१ पासून ती वापरात आली. हीच आजची पेनलेस. तिने ताप आणि सूज खरोखर कमी होते. पण पुढे लक्षात आलं की तिचं संरक्षण लवकर ओसरतं. अमेरिकेत तीच लस घेऊन वाढलेल्या शाळकरी मुलांमध्ये डांग्या खोकला पुन्हा दिसू लागला. म्हणून आपल्या सरकारी कार्यक्रमात अख्ख्या जंतूचीच लस आहे, आणि त्यामागचं कारण केवळ स्वस्ताई हे नाही. ज्याला परवडतं त्याने पेनलेस जरूर घ्यावी, लस चुकवण्यापेक्षा ती शतपट बरी. मात्र सरकारी लस म्हणजे गरिबाची दुय्यम लस हा समज चुकीचा आहे. दोन दिवसांचा ताप ही काही वर्षांच्या जास्त संरक्षणाची किंमत असू शकते, एवढं आईबापांना सांगितलं तर ते नीट निवड करू शकतात.

लशीचा दुष्परिणाम लशीच्या विज्ञानाला पुढे ढकलतो, हे आपल्या देशानेही अनुभवलं आहे. ‘कुत्रं चावलं तर पोटात चौदा इंजेक्शनं’ ही धास्ती अजून खेड्यापाड्यांत जिवंत आहे. ती धास्ती खोटी नव्हती. डेव्हिड सेंपल यांनी कसौलीला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार केलेली रेबीजची लस मेंढीच्या मेंदूपासून बनत असे, आणि त्या मेंदूतल्या घटकांमुळे काही रुग्णांना लशीनेच पक्षाघात होई. रेबीज झाला तर मृत्यू अटळ, म्हणून ती जोखीम पत्करली जात होती. पेशींमध्ये वाढवलेल्या विषाणूपासून बनलेल्या सुरक्षित लसी आल्यावर भारताने २००४ च्या अखेरीस जुन्या लशीचं उत्पादन बंद केलं. आता दंडात पाच डोस पुरतात, किंवा सरकारी दवाखान्यांत कातडीत अगदी थोड्या मात्रेत चार वेळा दिली जाते. जखम खोल असेल तर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन टोचावं लागतं, आणि या सगळ्याच्या आधी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची असते. चौदा इंजेक्शनं गेली हे मात्र लोकांपर्यंत नीट पोचलंच नाही. त्यामुळे आजही कोणी हळद-तिखट भरतो, कोणी मांत्रिक गाठतो.

सगळाच त्रास लशीतून येत नाही; काही त्रास देणाऱ्याच्या हातून होतो, आणि हा फरक न सांगितल्याने केवढा अनर्थ होतो याचं सर्वांत बोलकं प्रकरण मुंबईतल्या हाफकिन यांचं आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या जागेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. पुढे लाखो लोकांनी ती घेतली. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकशे सात जणांना लस दिली गेली, त्यांपैकी एकोणीस जण धनुर्वाताने मेले. मेलेले सगळे एकाच बाटलीतली लस घेतलेले होते. दोष हाफकिन यांच्या मुंबईतल्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना पदावरून दूर केलं गेलं. गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता तोच वापरला गेला, ही नोंद कागदावर होती. पण ती बाहेर यायला वर्षं गेली. १९०७ साली रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहिल्यावर हाफकिन दोषमुक्त झाले. त्यांनी सुरू केलेल्या परळच्या संस्थेला त्यांचं नाव १९२५ मध्ये मिळालं. अशा चुका आजही होतात. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात पोलिओच्या मोहिमेत बारा मुलांना थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. सुदैवाने मुलं बरी झाली. यात पोलिओच्या लशीचा काडीचा दोष नव्हता. दोष प्रशिक्षणाचा आणि देखरेखीचा होता, आणि तसं त्याच दिवशी स्पष्ट सांगणं हाच लशीला वाचवण्याचा मार्ग होता.

म्हणूनच लसीकरणाची साधी दिसणारी शिस्त मला फार मोलाची वाटते. पोलिओच्या बाटलीवर एक जांभळट गोल असतो आणि त्याच्या आत फिकट चौकोन. लस उन्हातान्हात तापली की चौकोन गडद होत जातो. तो गोलाइतका गडद झाला की बाटली फेकायची, वाद नाही. गोवर-रुबेलाची पावडर द्रावणात मिसळली की चार तासांच्या आत वापरायची, उरली तर टाकायची, कारण तिच्यात जंतुनाशक नसतं आणि नंतर तिच्यात जंतू वाढले तर मूल दगावू शकतं. सुई-सिरिंज एकदा वापरली की आपोआप अडकणारी असते. बाटलीवरचा तो चौकोन दाखवा, असं म्हणायचा आईला हक्क आहे, आणि तसं विचारणाऱ्या आईवर कोणी चिडू नये.

आता गोवर. लस कोणी घ्यावी या प्रश्नाचं उत्तर इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कुठल्या रोगात मिळत नाही. नऊ महिने पूर्ण झाल्यावर पहिला डोस आणि दीड वर्षाच्या सुमारास दुसरा. डोसानंतर पाच ते बारा दिवसांनी काही मुलांना ताप येतो, थोड्यांच्या अंगावर पुरळ उठतं, तीन-चार हजारांत एखाद्याला तापाचा झटका येतो, तीस-चाळीस हजारांत एखाद्याच्या रक्तातल्या प्लेटलेट काही काळ घटतात. हे लशीच्या बाजूचं. रोगाच्या बाजूला हजारात एका मुलाला मेंदूला सूज येते, श्रीमंत देशांतही हजारात एक ते तीन मुलं मरतात आणि कुपोषित मुलांत हे प्रमाण कितीतरी वाढतं. गोवर येऊन गेल्यावर शरीर आधीच्या रोगांशी लढायची कमावलेली ताकदही बऱ्याच अंशी विसरतं, म्हणून मूल पुढे न्यूमोनिया आणि जुलाबाने जातं. एक रुग्ण बारा ते अठरा जणांना रोग देऊ शकतो, त्यामुळे समाजात पंचाण्णव टक्के मुलांना दोन्ही डोस मिळालेले असतील तरच साथ थोपते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या जेमतेम त्र्याहत्तर टक्के मुलांचं लसीकरण पूर्ण आढळलं. मग कोविडच्या काळात चुकलेले डोस, दाटीची वस्ती, कुपोषण आणि सतत घर बदलणारी कुटुंबं हे सगळं एकत्र आलं, आणि २०२२ च्या अखेरीस गोवंडीत गोवराने मुलं मेली. पाठोपाठ मालेगाव, भिवंडीत साथ पसरली. मग सरकारला सहा महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस द्यावा लागला.

यावर ‘पण ऑटिझम?’ हा प्रश्न येतोच, आणि विचारणाऱ्याला मूर्ख ठरवून तो सुटत नाही. या शंकेचा उगम १९९८ साली ब्रिटनमधल्या एका निबंधात आहे. बारा मुलांच्या आधारावर अँड्र्यू वेकफिल्ड यांनी गोवर-गालगुंड-रुबेला लशीचा संबंध ऑटिझमशी सुचवला. पुढे त्यात फेरफार उघड झाले, २०१० मध्ये नियतकालिकाने निबंध मागे घेतला आणि त्यांची डॉक्टरकीची नोंदणी रद्द झाली. पण निबंध मागे घेतला एवढ्यावर कोणाचं समाधान होऊ नये. खरं उत्तर डेन्मार्कच्या अभ्यासात आहे: साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा वर्षानुवर्षांचा मागोवा घेऊन २०१९ मध्ये निष्कर्ष आला की लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांमध्ये ऑटिझमचं प्रमाण सारखंच आहे. ऑटिझमची लक्षणं दीड-दोन वर्षांच्या वयात ध्यानात येतात आणि लशीचे डोसही त्याच वयात असतात. एकापाठोपाठ एक घडलेल्या दोन गोष्टींतली पहिली दुसरीचं कारण असेलच असं नाही.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप आरोग्य कर्मचाऱ्यांचाच आहे. त्यांचं म्हणणं: दुष्परिणामांची यादी वाचून दाखवली तर शिकलेले घाबरतील आणि न शिकलेले पळतील. या भीतीत तथ्य आहे. सांगण्याची पद्धत चुकली तर तसं होतंच. पण न सांगण्याचा प्रयोगही आपण करून पाहिला आहे. २००९ मध्ये आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात सुमारे तेवीस-चोवीस हजार मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. त्या काळात सात मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत साप चावणं, बुडणं, कीटकनाशक पोटात जाणं अशी कारणं पुढे आली आणि मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. पण त्याच चौकशीत हेही उघड झालं की अनेक मुलींच्या वतीने आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी संमतीपत्रावर सह्या केल्या होत्या. लस निर्दोष असूनही प्रकल्प २०१० मध्ये थांबला, संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले, आणि ही लस आपल्या मुलींपासून कितीतरी वर्षं लांब गेली. या देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कर्करोग होतो आणि जवळपास ऐंशी हजार मरतात. स्कॉटलंडमध्ये बाराव्या-तेराव्या वर्षी लस घेतलेल्या मुलींच्या पिढीत हा कर्करोग झालेली एकही स्त्री सापडली नाही, असा अभ्यास २०२४ मध्ये आला. लशीचा त्रास म्हणाल तर दंड दुखणं, थोडा ताप, आणि किशोरवयीन मुलींना सुईच्या धास्तीने येणारी भोवळ. म्हणून तिला बसवून लस द्यायची आणि पंधरा मिनिटं उठू द्यायचं नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही ही लस आता बनवली आहे. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलीच्या घरात तिची चर्चा व्हायला हवी, आणि ती चर्चा मुलीसमोर व्हायला हवी.

कोविशील्ड या कोविडच्या लशीचं प्रकरण तर ताजं आहे. या लशीमुळे फार थोड्या लोकांत प्लेटलेट कमी होऊन रक्ताच्या गुठळ्या होतात, हे युरोपात २०२१ च्या मार्चमध्येच लक्षात आलं आणि ब्रिटनने चाळिशीच्या आतल्यांना दुसरी लस देऊ केली. १७ मे २०२१ रोजी आपल्या आरोग्य मंत्रालयानेही आकडा जाहीर केला: दहा लाख डोसांमागे ०.६१, आणि डोसानंतर वीस दिवसांत धाप, छातीत दुखणं, सतत डोकेदुखी, हातापायाला सूज अशी लक्षणं दिसली तर दवाखान्यात या, अशी सूचनाही दिली. म्हणजे माहिती होती, पत्रकही होतं. ते लसीकरण केंद्राच्या भिंतीवर लागलं नाही, रांगेतल्या माणसाच्या हाती पडलं नाही. म्हणून २०२४ मध्ये ही लस विकसित करणाऱ्या कंपनीने लंडनच्या न्यायालयात तेच मान्य केल्याची बातमी आली तेव्हा अनेक लोकांना वाटलं की आपल्यापासून काहीतरी लपवलं होतं. तेव्हापासून तरुण माणूस हृदयविकाराने गेला की कुजबुज लशीवर येते. तीन वर्षं आधी ठळकपणे सांगितलेला आकडा या कुजबुजीला पुरून उरला असता.

मोठ्या माणसांच्या लसींबद्दल तर आपल्याकडे बोलणंच होत नाही, जणू लस ही बाळपणी उरकायची गोष्ट आहे. गरोदर बाईला धनुर्वात-घटसर्पाची टीडी सरकारी दवाखान्यात मिळतेच. डांग्या खोकल्याचं संरक्षण देणारी टीडॅप सातव्या-आठव्या महिन्यात घेतली तर बाळाला पहिल्या दोन महिन्यांत आईकडून ढाल मिळते. मधुमेह, दमा, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी आणि साठी-पासष्टी ओलांडलेल्यांनी फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोकोकल लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. फ्लूच्या लशीनंतर दहा लाखांत एक-दोघांना गियाँ-बारे हा मज्जातंतूंचा विकार होऊ शकतो. प्रत्यक्ष फ्लू झाल्यावर त्याचा धोका याहून जास्त असतो. पन्नाशीनंतर नागिणीची लस आहे, महाग आहे, आणि तिच्यानंतर दोन दिवस अंग ठणकतं हे घेणाऱ्याला माहीत असावं. रुग्णालयात काम करणाऱ्या प्रत्येकाने, सफाई कामगारांसह, कावीळ ब ची लस घेतलेलीच असावी. उलट, गरोदरपणात, कर्करोगाच्या उपचारांत किंवा स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रा चालू असताना गोवर-रुबेला, कांजिण्या अशा जिवंत जंतूंच्या लसी देत नाहीत. आधीच्या डोसाला अंगावर गांधी उठून श्वास कोंडला असेल तर तीच लस पुन्हा घ्यायची नाही. साधी सर्दी, थोडे जुलाब, दात येणं ही मात्र लस टाळायची कारणं नाहीत, आणि आपल्याकडे बरेच डोस अशाच कारणांनी पुढे ढकलल्यामुळे चुकतात.

शेवटचा आक्षेप नैतिक आहे आणि त्याला टाळता येत नाही. लाखात एक हा आकडा ज्याच्या घरात तो एक असतो त्याच्यासाठी निरर्थक असतो. हे खरं आहे. समाजाच्या भल्यासाठी घेतलेल्या लशीने एखाद्याचं नुकसान झालं तर ते समाजाने भरून द्यायला हवं. ब्रिटनमध्ये १९७९ पासून आणि अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने तशी सोय आहे. तिथं कोणाची चूक होती हे सिद्ध करण्याचं ओझं कुटुंबावर पडत नाही. आपल्याकडेही प्रत्येक लशीसाठी अशी कायमची व्यवस्था हवी, आणि ती मागणी लसीकरणाच्या समर्थकांनी सर्वांत मोठ्या आवाजात करायला हवी.

तोवर वाचकांना एवढीच विनंती. पुढच्या वेळी स्वतःसाठी किंवा मुलासाठी लस घ्यायला जाल तेव्हा कोणती लस, काय त्रास होऊ शकतो, त्रास झाला तर कोणाला फोन करायचा आणि पुढचा डोस कधी, हे विचारा. अर्धा तास तिथंच बसा. काही गंभीर झालं तर आशाताईंना किंवा डॉक्टरांना कळवून त्याची नोंद झाली की नाही ते पाहा. आणि सिस्टरने ‘आज रात्री ताप येईल’ असं सांगितलं तर तिचे आभार माना.